राखेचा भराव

त्या दिवशी खिचडीचं पातेलं मी स्वतःच्या हातानं उकिरड्यावर पालथं केलं. पोरं ताटल्या घेऊन ओळीत बसली होती. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी झाकण काढलं तेव्हा पिवळी दिसायला पाहिजे होती ती खिचडी करडी दिसली. दुधावर साय धरावी तसा वर राखेचा पातळ थर.

मावशी म्हणाल्या, "बाई, वरवरचं काढून टाकते. खालचं चांगलं आसंल."

मी पळी घालून खालपर्यंत ढवळलं, एक घास तोंडात घातला. दातांखाली कचकच लागली. शिजत असतानाच राख आत उतरली होती. मी पातेलं उचललं आणि मागच्या दारानं निघाले. पहिलीतली एक चिमुरडी ताटली घेऊन माझ्या मागं मागं आली. "बाई, खिचडी कावून टाकली?"

"गप बस," मी तिच्यावर खेकसले.

तिच्यावर खेकसायचं काही कारण नव्हतं. ज्यांच्यावर खेकसायला पाहिजे होतं ते शाळेपासून हाकेच्या अंतरावर पत्र्याच्या गार ऑफिसात बसले होते, आणि त्या ऑफिसबाहेर भलामोठा फलक उभा होता. हिरव्या अक्षरांत. 'टाकाऊतून टिकाऊ. पर्यावरणपूरक रेल्वेमार्ग.'

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माहेर नेकनूरजवळचं. नोकरीची सुरुवातीची वर्षं चकलांब्याच्या बाजूला एका वस्तीवर गेली आणि नंतर या गावात आले ती इथलीच झाले. आमचं गाव बीडहून परळीकडं जाणाऱ्या नव्या रेल्वेच्या वाटेवर आहे. बीडला रेल्वे येणार, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेय. माझे वडील ते ऐकत ऐकत गेले. त्यामुळं गावाच्या शिवारात पहिल्यांदा मोजणीचे लाल झेंडे लागले तेव्हा विरोध करायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. उलट लोक झेंड्यांजवळ उभे राहून फोटो काढत होते.

भांडण झालं ते मातीवरून. शाळेच्या पलीकडं ओढा आहे, त्याच्यावर पूल होणार होता, म्हणून तिथं रुळांखालचा भराव दोन पुरुष उंच बांधायचा होता. एवढी माती आणायची कुठून? ठेकेदाराच्या माणसांनी बोट दाखवलं गायरानाकडं. गावची जनावरं चरतात ती एवढीच जागा. तिथला माळ खरवडून काढला तर खाली नुसता खडक राहणार. गाव नाही म्हणालं. तेव्हा राखेचा विषय निघाला, आणि तो गावाला समजावून सांगायला ठेकेदारानं आमचीच पोरगी पुढं केली.

ही पोरगी चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकली. आईवडील ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की ते कोयते घेऊन ट्रॅक्टरमध्ये बसायचे आणि ही आजीजवळ राहायची. पुढं वसतिगृहात राहून शिकली, संभाजीनगरला इंजिनिअर झाली. गावातली पहिली इंजिनिअर, आणि तीही मुलगी. नोकरी लागली ती याच ठेकेदाराकडं, आपल्याच गावाशेजारच्या कामावर. भराव नीट दाबला जातोय का, प्रत्येक थर पक्का झालाय का, हे तपासायचं तिचं काम. तिनं होकार दिल्याशिवाय वरचा थर टाकायचा नाही, असा नियम.

ग्रामसभेत ती एका स्टीलच्या डब्यात ओली राख ठासून घेऊन आली होती. डबा पारावर पालथा घातला, तर आतून विटेसारखा ठोकळा निघाला. एका म्हाताऱ्याला म्हणाली, "आजोबा, उभं राहा यावर." म्हातारा काठी टेकून उभा राहिला. ठोकळा जसाच्या तसा.

ती म्हणाली, "वीज तयार करताना कोळसा जळतो, त्याची ही राख. परळीकडं हिचे डोंगर पडलेत. पडून राहिली की वाऱ्यानं उडते. तीच इथं आणून ओली करून दाबली, तर आपलं गायरान वाचतं आणि तिकडची राखही कमी होते."

म्हातारा ठोकळ्यावरूनच बोलला, "आन् पान्यानं वाहून गेली म्हंजे?"

"म्हणून तर दोन्ही अंगांना माती लावायची, आजोबा. राखेचा एक थर टाकला की लगेच बाजूनं मातीचा थर. दोन्ही बरोबरच वर न्यायचे. करंजीसारखं. सारण आत, पारी बाहेर. राख कुठं दिसलीसुद्धा नाही पाहिजे."

बाया हसल्या. एकीनं विचारलं, "मंग करंजी फुटली तर?"

"पारी नीट असली की नाही फुटत, काकू."

मी सगळ्यात आधी हात वर केला. मला तेव्हा अभिमान वाटत होता, आणि आजही मी म्हणते की त्या सभेत ती जे बोलली त्यातला शब्द न् शब्द खरा होता. राखेत खोट नव्हती. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं सगळं गाव हेच विसरलं.

दिवाळी झाली आणि दरवर्षीसारखं गाव रिकामं झालं. निम्म्याहून जास्त घरांना कुलपं. मागं राहिले म्हातारे, शाळेतली पोरं आणि दोनचार बागायतदार. आणि नेमकं तेव्हाच काम सुसाट सुटलं. दिवसभर राखेचे टिपर शाळेवरून जायचे. सुरुवातीला त्यांच्यावर ताडपत्री असायची, राखेवर टँकरनं पाणी मारलं जायचं. मग ताडपत्र्या गेल्या. मग पाणी फक्त कुणी साहेब पाहणीला येणार असला की. आणि मातीचं तर नावच नाही. नुसती राख चढत चढत दोन पुरुष उंच गेली, दोन्ही अंगांनी उघडी. शाळेच्या व्हरांड्यात उभं राहिलं की समोर करड्या रंगाची नागडी भिंत दिसायची.

माघात वारं सुटलं आणि आमचे हाल सुरू झाले. सकाळी वर्ग उघडला की बाकांवर राखेचा थर. पोरं त्याच्यावर बोटानं आपापली नावं गिरवायची. त्यांना गंमत वाटायची, मला आतून भडका उठायचा. वाळत घातलेले कपडे करडे, गाईच्या पाठी करड्या, शेवटच्या वेचणीला राहिलेला कापूस करडा. पोरं डोळे चोळायची, ते लालभडक व्हायचे. दम्याची एक आजी दिवसभर तोंडाला पदर लावून घराच्या आतल्या कोपऱ्यात बसून राहायची. तक्रार कोण करणार? ज्यांच्या आवाजाला धार होती ते सगळे कोल्हापूर-सांगलीकडं उसाच्या फडात वाकलेले.

खिचडी फेकली त्या दिवशी मी पोरांना मावशींच्या हवाली केलं, आणि तशीच, राखेनं भरलेल्या साडीनिशी, त्या पत्र्याच्या ऑफिसात गेले. तिथला मॅनेजर शहराकडचा होता. बोलायला गोड. मला खुर्ची दिली, पाण्याची बाटली पुढं केली.

"मॅडम, तुम्ही तर शिकलेल्या. ही ग्रीन टेक्नॉलॉजी आहे. देशाचं काम आहे. थोडं सहन करावं लागतं."

"ग्रीन म्हणजे हिरवं ना? या, माझ्या शाळेसमोरचा लिंब बघा कोणत्या रंगाचा झालाय."

तो हसला. मला हसायचं नव्हतं.

"बाजूची माती कुठाय?" मी विचारलं.

"टाकणार ना. शेवटी एकदमच टाकू. आधी राख वर न्यायची. टार्गेट असतं मॅडम."

"प्रत्येक थराबरोबर माती, असं ग्रामसभेत सांगितलं होतं. तुमच्याच इंजिनिअरनं."

"ती तुमची विद्यार्थिनी ना?" त्यानं मान तिरकी केली. "हुशार आहे. पण पुस्तकात चालते. साइट पुस्तकावर चालत नाही."

आमची पोरगी तेव्हाच डोक्यावर पिवळी टोपी घालून दारात येऊन उभी राहिली होती. तिनं ते ऐकलं. म्हणाली, "सर, मातीशिवायचा एकही थर मी पास केलेला नाही. तुम्ही मला डावलून ते पास करून घेतलेत."

"बाहेर थांब," तो म्हणाला. आवाज तोच, गोड. ती थांबली नाही, निघून गेली.

मी त्याची पाण्याची बाटली तशीच टेबलावर ठेवून उठले. दारातून बाहेर पडताना मागं ऐकू आलं, "या गावाला रेल्वे पाहिजे, पण धूळ नको." कुणाला तरी फोनवर सांगत होता. मी वळून परत आत गेले आणि त्याला म्हणाले, "धूळ आमच्या ओळखीची आहे. आम्ही धुळीतच जन्मलो. ही तुमच्या आळसाची राख आहे." त्यानं फोन कानाला तसाच धरून माझ्याकडं पाहिलं आणि खुर्ची फिरवून घेतली.

संध्याकाळी पोरगी माझ्या घरी आली. मी चहा टाकला, पण तो उकळतानासुद्धा माझं तोंड बंद नव्हतं. "एवढं होईस्तोवर गप कशी बसलीस? गावात येऊन सांगता येत नव्हतं?"

"कुणाला सांगू, बाई? गावात आहे कोण?" ती म्हणाली. "वर कळवलं, दोनदा. उत्तर नाही. राख चांगली बसलीय, ओली होती तेव्हाचे थर दगडासारखे झालेत. माती तेवढी लावली असती तर..."

"माती नाही म्हणतात ते."

"आहे ना! पुढं दोन गावांवर टेकडी कापलीय रुळांसाठी. त्यातून निघालेली सगळी माती आणि मुरूम याच भरावाच्या बाजूंना लावायची, असं ठरलेलं आहे. नवीन कुठंच खोदायचं नाही. तिकडून गाड्या भरून रोज निघतात. मी डोळ्यांनी बघते. पण इथं एकही येत नाही."

"मग जातात कुठं?"

तिला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मला तिचा त्या संध्याकाळी राग आला. एवढी शांत. कपात बघत बघत बोलत होती. तिच्या वयाची असते तर मी त्या मॅनेजरच्या टेबलावर राखेची पाटी ओतली असती, असं मी तिला म्हणालेसुद्धा. ती म्हणाली, "मग मला काढून टाकलं असतं, बाई. आणि जो आला असता त्यानं सगळेच थर पास केले असते." मी तिच्यापुढं चिवडा ठेवला.

त्या आठवड्यात आईला बघायला मी नेकनूरला गेले. परत येताना एसटी बीडच्या बाहेर एका टिपरमागं अडकली. टिपर वळायला जागा शोधत होता. मी खिडकीत होते. मागच्या फळीवर तीच पिवळी पट्टी आणि ठेकेदाराचा तोच निळा शिक्का, जो रोज माझ्या शाळेवरून जाणाऱ्या टिपरांवर असतो. टिपर एका नव्या मंगल कार्यालयाच्या आवारात वळला. तिथं खोल जागेत भर चालली होती. तांबूस मुरूम, माती. मी कंडक्टरला गाडी थांबवायला लावली आणि उतरले. कंडक्टर चिडला, "मधीच कावून उतरता बाई?" पण बेल मारली.

टिपरचा ड्रायव्हर तंबाखू मळत उभा होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दादा, हा मुरूम कुठला? आमच्याही घरापुढं टाकायचाय."

"रेल्वेच्या कटिंगचा हाय. लई भारी माल. पर आमी न्हाई देऊ शकत, सायबाला इचारा."

मी फोन काढला आणि फोटो घेतले. टिपरचे, मुरुमाचे, मंगल कार्यालयाच्या कमानीचे. पहिले दोन फोटो हलले, ते परत घेतले. माझ्या पोरांच्या खिचडीवर राख पडत होती, आणि ती झाकायची माती इथं लग्नाच्या पंगती बसवायला अंथरली जात होती.

ते फोटो मी पोरगीला दाखवले, तिनं वर पाठवले. पुन्हा काही हललं नाही. हललं ते आभाळ. पाडवा तोंडावर आला होता, आणि एका दुपारी अवकाळी आली, गारांसकट. तासभर झोडपलं. आम्ही पोरांना भिंतीशी दाटीवाटीनं बसवलं होतं. खिडकीतून मी पाहिलं, समोरच्या राखेच्या भिंतीला ओघळ पडले. ओघळांचे ओहोळ झाले. करडा चिखल शाळेच्या मैदानात उतरला, कुंपणाखालून गेला आणि पलीकडच्या रानात घुसला. तिथं एका म्हातारीनं हरभरा काढून ढीग लावून ठेवला होता. मुलगा-सून फडात, म्हणून तिनं एकटीनं, रोज थोडा थोडा उपटून. ढिगात गुडघ्याएवढी राख शिरली. पाऊस उघडल्यावर म्हातारी ढिगाजवळ गेली, एक पेंडी ओढून काढली, झटकली आणि परत तिथंच टाकली. रडली नाही. मी तिच्याजवळ गेले तर मला म्हणाली, "बाई, तुमीच हात वर केल्ता ना?"

हे मला लागायला पाहिजे होतं, आणि लागलं. पण त्याच संध्याकाळी जे झालं त्यानं माझा तोल गेला. ऊसतोडीची माणसं परतायला लागली होती. घर उघडावं तर आत राख, दारात चिखल. मग कुणीतरी म्हणालं, ही राख आणली कुणी? आणि जमाव निघाला तो ठेकेदाराच्या ऑफिसाकडं नाही. पोरगीच्या घराकडं. ऑफिसाला कुंपण होतं, राखणदार होते. तिच्या घराला कुडाची ताटी होती.

मी पोचले तेव्हा दारात पन्नासेक माणसं. एकजण ओरडत होता, "करंजी म्हनं! सारन म्हनं! खा आता करंजी!" पोरगी उंबऱ्यात उभी. तिचे वडील दोनच दिवसांपूर्वी फडावरून आलेले, हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे, खाली मान घालून भिंतीशी. तिची आई मात्र पुढं होती.

"माझ्या लेकीला बोलायचं न्हाई," ती म्हणत होती. "तिनं काय केलं ते आधी इचारा. मंग बोला."

"काय इचारायचं? ठेकेदाराचा पगार खाती ती!"

मी गर्दीतून वाट काढत उंबऱ्यापाशी गेले आणि आयुष्यात कधी वर्गातसुद्धा ओरडले नाही एवढ्या जोरात ओरडले. "मला बोला! हात मी वर केला होता. ही पोरगी चार महिने एकटी भांडतेय. तुम्ही होतात का इथं? कुणी होतं का?" हे बोलायला नको होतं. ते हौसेनं गेले नव्हते. पण तोंडातून गेलं ते गेलं. गर्दी चपापली. मी फोन वर धरला. "राखेनं तुमचं काही केलेलं नाही. माती चोरलीय. भरावाला लावायची माती कुठं गेलीय, बघा."

फोन हातोहात फिरला. मगाशी करंजी करंजी ओरडणारा माणूस फोटो मोठा करून बघत राहिला. शेजाऱ्याला म्हणाला, "हे तर बीडचं कार्यालय हाय बे. गेल्या साली आपन लग्नाला गेलतो तिथं. म्होरं नुसता खड्डा व्हता."

"मंग आता?"

"आता काय. रस्ता आडवायचा."

पोरगीला कुणी काही म्हणालं नाही. 'चुकलं' असंही कुणी म्हणालं नाही. जशी आली तशी माणसं पांगली. तिच्या आईनं मला आत बोलावलं, पण मी गेले नाही. मला तिथं बसवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिपरच्या कच्च्या रस्त्यावर बाया बसल्या. पुरुष बाजूला उभे. पोरांना मी मुद्दाम लांब, देवळाच्या ओवरीत नेऊन ठेवलं होतं, राखेत बसवायची नाहीत म्हणून. टिपरांची रांग लागली. मॅनेजर आला, तोच गोड आवाज. "माती टाकतो, आजच टाकतो. फक्त गायरानातून उचलायची परवानगी द्या. अर्जंट आहे म्हणून."

मला वाटलं मी ऐकण्यात चुकले. पण नाही, तो खरंच गायरान मागत होता. आमच्या मावशी मधोमध बसल्या होत्या. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मंगल कार्यालयातून उचला. तिथंच हाय आमची."

दुपारनंतर रेल्वेकडून एक मोठे साहेब आले. उंच, अबोल माणूस. बायांनी त्यांना वाट दिली. ते भरावाजवळ गेले आणि बुटाची टाच उघड्या बाजूवर मारली. राख भसकन खाली घसरली. त्यांनी मॅनेजरकडं पाहिलं नाही, पोरगीकडं पाहिलं. "तुम्ही पास केलंय?"

"नाही सर."

"मग कुणी केलं?"

सगळं गाव ऐकत होतं. तिनं मॅनेजरकडं बोट दाखवलं. माझा तिच्यावरचा सगळा राग तिथं संपला.

काम थांबलं. सैल झालेली राख बाजूनं पायऱ्यांसारखी कापून काढली, आणि टेकडीची माती यायला लागली. खरी, तांबूस. थराथरानं चढवली, पाणी मारलं, रोलर फिरला. गावच्या बायांनीच उतारावर गवताचे ठोंब लावले. पावसाळ्यात मी छत्री घेऊन जाऊन बघून आले, कुठं एक चीर नाही. पोरगी सांगत होती तसंच झालं सगळं. म्हणजे हे पहिल्या दिवसापासून करता येत होतं! माती होती, पाणी होतं, माणसं होती, सांगणारी होती. अवघड काहीच नव्हतं. याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. पोरांनी चार महिने राख खाल्ली ती कशासाठी, याचं उत्तर एवढंच की कुणाला तरी ती माती दुसरीकडं टाकायची होती.

म्हातारीच्या हरभऱ्याचा पंचनामा झाला. पुढं काय झालं ते विचारलं की ती नुसता हात हलवते.

पोरगीची बदली झाली, तीही पावसाळ्याच्या आधीच. ठेकेदारानं तिला लांबच्या कामावर टाकलं, विदर्भात. एसटी स्टँडवर तिला सोडायला तिची आई आणि मी. मॅनेजर मात्र होता तिथंच राहिला.

पुढं रूळ टाकले, आणि ऊसतोडीच्या हंगामात पहिली गाडी आली. त्या दिवशी शाळेशेजारी मांडव होता. पोरांना कागदी झेंडे दिले होते, ती आनंदानं ओरडत होती. त्यांच्या आनंदावर मला रागावता आलं नाही. मांडवात 'पर्यावरणपूरक कामाबद्दल' मॅनेजरचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. शिक्षिका म्हणून मलाही दोन शब्द बोलायला उभं केलं.

मी म्हणाले, "हा भराव टिकला तो या गावच्या एका मुलीमुळं. तिला इथून घालवलंय. तिच्या आईवडिलांना या व्यासपीठावर बोलवायला पाहिजे होतं, पण ते आज फडात आहेत. आणि आत्ता ज्यांना शाल दिली त्यांनी या भरावाची माती..."

तेवढ्यात लांबून गाडीचा भोंगा वाजला. सगळा मांडव उठून टाळ्या वाजवायला लागला. सूत्रसंचालकानं माईक माझ्या हातातून काढून घेतला, हसतमुखानं. खाली उतरताना सरपंच म्हणाले, "बाई, लई छान बोललात." मी त्यांच्याकडं पाहिलं. ते खरंच खुशीत होते, त्यांनी काही ऐकलंच नव्हतं. मी शाळेत जाऊन माझी पर्स उचलली आणि घरी आले.

घरून पोरगीला फोन लावला. काय झालं ते सांगितलं.

"कशाला बोललात, बाई?" ती म्हणाली. "जाऊ द्या ना."

"जाऊ देणार नाही. तिकडं काय करतायत? राखच आहे ना?"

"राखच आहे."

"आणि माती?"

"टाकतायत. थराबरोबरच. पण रोज भांडावं लागतं."

"मग भांड," मी म्हणाले आणि फोन ठेवला.